सापाला कान नसतात, मग तो पुंगीवर डोलतो कसा?

कान नसतात हे अर्धंच खरं. बाहेरचा कान आणि कानाचा पडदा सापाला नसतो, पण आतला कान असतो. तिथून निघालेलं एक बारीक हाड थेट जबड्याच्या सांध्यापाशी जोडलेलं असतं. जबडा जमिनीला टेकला की जमिनीतली थरथर त्या हाडावाटे आत पोचते. म्हणून शेतात रात्री काठी आपटत चालायचं, हा म्हाताऱ्यांचा सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे.

यावरून ‘साप ठार बहिरा’ असं ठोकून देणारेही बरेच भेटतात. तेही चूक. २०१२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी अजगराच्या एका आफ्रिकन जातीवर प्रयोग केले. हवेतल्या आवाजाने अजगराची कवटीच किंचित थरथरते आणि ती थरथर त्याला कळते, असं दिसलं. त्यातही ८० ते १६० हर्ट्झ, म्हणजे खर्जातले आवाज त्याला सगळ्यात बरे कळतात. पुढे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात १९ सापांना आवाज ऐकवले, तर काही जाती आवाजापासून लांब सरकल्या आणि वोमा नावाचा अजगर उलट आवाजाच्या दिशेने गेला!

आता पुंगी. नाग फणा काढतो तो घाबरून, आणि समोर हलणाऱ्या वस्तूवरची नजर काढत नाही. एखाद्या खेळाचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा. गारुडी फुंकता फुंकता पुंगीचा भोपळा डावी-उजवीकडे फिरवत असतो, मधूनच मूठ किंवा गुडघा पुढे करतो. नाग त्याच्या मागे मागे वळतो. आपल्याला तो ताल वाटतो, त्याच्या लेखी तो पहारा असतो. (बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचे दात आधीच काढलेले असतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हे सगळं गुन्हा आहे, ते वेगळंच.)

माझं विचाराल तर सापाचं खरं नवल कानात नाहीच, जिभेत आहे. जीभ बाहेर काढून तो हवेतले गंधकण गोळा करतो आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवतो. दुभंगलेल्या टोकांमुळे वास डावीकडे जास्त की उजवीकडे, हेही त्याला कळतं, आणि उंदराचा माग काढता येतो. आपल्या सह्याद्रीतला चापडा तर त्याच्याही पुढे: डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने तो भक्ष्याच्या अंगाची ऊब टिपतो, मिट्ट काळोखातसुद्धा.