बाईकचं खरं अ‍ॅव्हरेज कसं काढायचं?

प्रश्न: अंबडहून जालन्याला रोज १२५ सीसी बाईकवर ये-जा आहे. दोनशेचं पेट्रोल टाकतो अन् काटा बघतो, पण अ‍ॅव्हरेज कधी ६० वाटतं कधी ४५. नेमकं कसं मोजावं, अन् वाढवावं कसं?
– एक वाचक, अंबड

उत्तर: भाऊ, दोनशे-दोनशेचं टाकून हिशोब लागतच नाही, ते आधी बंद करा. गाडी मेन स्टँडवर लावून टाकी एका ठरलेल्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत त्याच खुणेपर्यंत भरा अन् जितके लिटर बसले त्यानं चाललेल्या किलोमीटरला भागा. समजा ३१२ किलोमीटर झाले अन् ६ लिटर बसलं, तर ५२. एका टाकीवर जाऊ नका, तीन-चार टाक्यांची सरासरीच खरी.

आता वाढवायचं म्हणाल तर सगळ्यात मोठा फरक स्पीडचा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ४० वरून ८० वर गेलात की तो चौपट होतो, म्हणून मोकळा रस्ता दिसला तरी टॉप गिअरमध्ये ४५-५० नं एकसारखी चालवा, उगं पिळायचं अन् लगेच ब्रेक मारायचा हे लई पेट्रोल खातं. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना बघा. आपल्याकडं उन्हाळ्यात फुफाटा, तवा एअर फिल्टर पुस्तकात दिलंय त्याच्या आधीच साफ करून घ्या.

अन् हो, पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, अन् इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं थोडं अ‍ॅव्हरेज घटलं तर लगेच इंजिन खोलायला देऊ नका.