वाचक विचारतात : म्वान्झाहून अहिल्यानगरला

प्रश्न : आम्ही अकरा वर्षं टांझानियात, म्वान्झाला मिशनच्या शाळेत सेवा केली. मेमध्ये कायमचे अहिल्यानगरला परतलो. मुलगी १२ वर्षांची आहे. स्वाहिली आणि इंग्रजी सफाईनं बोलते. मराठी समजतं, पण वाचता येत नाही. आल्यापासून ती गप्प आहे. “आता घरी आलात ना, मग झालं,” असं सगळे म्हणतात. कुठून सुरुवात करू? — एक आई

उत्तर : ताई, घरी आलात ते तुम्ही दोघं. लेकीचं घर म्वान्झाला राहिलं. नातेवाइकांच्या हे लक्षात येत नाही, म्हणून ते तुम्हीच त्यांना एकदा स्पष्ट सांगा. १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ रूथ युसीम यांनी अशा मुलांना ‘थर्ड कल्चर किड्स’ म्हटलं. म्हणजे आई-वडिलांच्या देशाची पूर्ण नाहीत, वाढली त्या देशाचीही पूर्ण नाहीत, अशी मुलं. मुलीचं गप्प बसणं हट्ट समजू नका. तिला तिथल्या मैत्रिणींशी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉल करू द्या. वेळ जुळवायला सोपं आहे, टांझानिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

आधी शाळा. टांझानियात शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे मेमध्ये आलेल्या मुलीचं वर्ष अर्धंच झालेलं असतं. मराठी कच्चं म्हणून पाचवीत बसवा, असं इथली शाळा सुचवेल. ते मानू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार तिला वयाला साजेसा वर्ग मिळायला हवा, म्हणजे सातवी. मागे राहिलेल्या विषयांसाठी विशेष प्रशिक्षणही मागता येतं. पुढे नववी-दहावीत बदल करणं फार अवघड जातं, म्हणून बोर्ड आत्ताच विचार करून निवडा. तिथल्या शाळेचा दाखला आणि दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं हातात नसतील तर लगेच मागवा. साक्षांकनासाठी दार-ए-सलामच्या भारतीय उच्चायुक्तालयाला इथून पत्र पाठवून काम उरकायला वेळ लागतो.

मुलीचा जन्म तिथला असेल तर आणखी एक कागद तपासा. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय नागरिकत्वासाठी नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हावी लागते. ती राहिली असेल तर केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते.

आता मराठी. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, त्यामुळे टाळता येणार नाही. पण सातवीच्या बालभारतीपासून सुरुवात करू नका. मराठीतर माध्यमांसाठी ‘मराठी सुलभभारती’ ही पुस्तकं आहेत, त्यातलं खालच्या इयत्तेचं घ्या. रोज २० मिनिटं पुरेत, पण खंड नको. आठवडाभर बिनकान्याची अक्षरं, मग कानामात्रा, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. स्वाहिलीत जसं लिहितात तसंच वाचतात, म्हणून देवनागरी तिला इंग्रजी स्पेलिंगपेक्षा लवकर जमेल. अडेल ते ळ आणि ण यांवर.

तिच्याकडे आधीपासूनच बरंच आहे, ते तिला दाखवा. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, रांगी म्हणजे रंग, लाकी म्हणजे लाख, हेसाबू म्हणजे हिशेब. नात्यांचं तर विचारूच नका : शांगाझी ही आत्या, म्जोंबा हा मामा. इंग्रजीत ‘आंटी’ म्हणताना जो फरक पुसला जातो, तो तिच्या स्वाहिलीत शाबूत आहे. वहीत अशा ५० शब्दांची यादी तिनंच करावी.

घड्याळाकडे मात्र लक्ष ठेवा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ती आजीला “दोन वाजता जायचंय” म्हणाली तर तिच्या मनात आठ असू शकतात. आणि थोरांना ती “शिकामो” म्हणत असेल तर थांबवू नका. पाय धरण्याचा अर्थ त्या शब्दात आहे असं मानतात. आजी-आजोबांना “मराहाबा” हे उत्तर शिकवा. एवढ्यानं पोरीचा चेहरा खुलतो.

प्रश्न : टांझानियात असताना मुलं व्हिक्टोरिया तलावात पोहायची. इथे काही तपासण्या कराव्यात का? — एक वडील

उत्तर : नक्की करा. व्हिक्टोरिया तलावाच्या काठच्या पाण्यात गोगलगायींतून येणारा बिलहार्झिया हा परजीवी कृमी असतो. त्याच्या अळ्या कातडीतून शिरतात आणि अंडी वर्षानुवर्षं आतडं, यकृत किंवा मूत्राशयाला इजा करत राहतात. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. आपल्याकडे हा आजार जवळजवळ नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव त्याचं एक जुनं, अपवादात्मक ठिकाण. म्हणून इथले डॉक्टर आपणहून विचारणार नाहीत, तुम्हीच “व्हिक्टोरिया तलाव” हे शब्द उच्चारा. पाण्याशी शेवटचा संबंध आल्यानंतर तीन महिन्यांनी रक्तातील अँटिबॉडी, शौच आणि लघवी तपासून घ्या. त्याआधी केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. जंतासाठी सर्रास दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी यावर चालत नाही. प्राझिक्वांटेल लागतं, तेही वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

परतल्यापासून वर्षभरात ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा आणि टांझानियातून आल्याचं सांगा. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. तिथला फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा घातक प्रकार आहे, त्यात दिवस वाया घालवणं परवडत नाही.

प्रश्न : परदेशातून परतल्यावर बँकेतलं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं तसंच ठेवलं तर चालेल का? — एक वाचक

उत्तर : नाही. कायम राहण्यासाठी परतल्यावर ते निवासी खात्यात बदलायचं असतं, बँकेत तसं कळवा. परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी (निवासी व्यक्तीचं परकीय चलनाचं) खातं उघडा. गेल्या १० पैकी ९ आर्थिक वर्षं अनिवासी असाल तर आयकरात काही काळ वेगळा दर्जा मिळतो, म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवा.

प्रश्न : आमच्या मंडळीतलं (चर्चमधलं) मिशनरी कुटुंब टांझानियातून परतलंय. पहिल्याच रविवारी साक्ष (सेवेचे अनुभव सांगणं) आणि मुलांचं स्वाहिली गाणं ठेवावं, असं कमिटीला वाटतं. — एक वडीलजन

उत्तर : सहा आठवडे थांबा. मुलांना मंचावर उभं करण्याआधी विचारा. नको म्हणाली तर तिथेच विषय संपवा. त्यापेक्षा दोन घरांनी आळीपाळीनं जेवायला बोलवावं आणि फोटो बघायला सवडीनं एक संध्याकाळ द्यावी. मासिक साहाय्य परतण्याच्या महिन्यालाच बंद करू नका. घराची अनामत, शाळेची फी आणि गणवेश हे सगळं त्याच तीन महिन्यांत अंगावर येतं.