मैत्रिणींचे फोन ते समुपदेशकाचा परवाना

प्रश्न : मी मूळची राजारामपुरीची. कोल्हापुरातच बी.ई. केले, काही वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केली आणि लग्नानंतर न्यू जर्सीला आले. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर जोडीदाराला मिळणाऱ्या एच-4 व्हिसामुळे नोकरी थांबली. येथील मंडळातल्या एका मैत्रिणीला बाळंतपणानंतर मनाचा फार त्रास झाला, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसत असे. पुढे एकेक करत अनेक जणी मला फोन करू लागल्या. आता समुपदेशक व्हावे असे मनाने घेतले आहे. भारतातली सहा महिन्यांची ऑनलाइन पदविका त्यासाठी पुरेल का? सासरी मात्र ‘इंजिनिअर झालीस ती लोकांची रडगाणी ऐकायला का?’ असा सूर आहे.

उत्तर : पदविकेचे शुल्क भरण्यापूर्वी हे वाचा. ज्ञान म्हणून अशी पदविका उपयोगी पडू शकते, परंतु तिच्या बळावर न्यू जर्सीत परवाना मिळणार नाही. अमेरिकेत हा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते आणि त्यासाठी सामान्यतः समुपदेशनातील 60 क्रेडिटची मास्टर्स पदवी, त्यानंतर पर्यवेक्षकाच्या हाताखाली केलेले दोन-तीन हजार किंवा त्याहूनही अधिक तासांचे काम आणि एक परीक्षा, एवढे सारे लागते. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या केक्रेप (CACREP) या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमात तर पदवी घेतानाच किमान 100 तासांचे प्राथमिक प्रात्यक्षिक आणि 600 तासांची इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. म्हणजे आज सुरुवात केली, तरी स्वतंत्रपणे काम करण्यास पाच-सहा वर्षे सहज जातील. वय किंवा मध्ये पडलेला खंड यांमुळे अडू नये. हा व्यवसाय चाळिशीनंतर सुरू करणारे पुष्कळ आहेत.

तुमची बी.ई. चार वर्षांची असल्यामुळे प्रवेशाच्या वेळी पदवी-समकक्षतेचा प्रश्न सहसा फारसा त्रास देत नाही. तीन वर्षांची पदवी असलेल्यांना काही विद्यापीठे अडवतात. मानसशास्त्राचे दोन-चार पायाभूत विषय मात्र आधी पूर्ण करा असे सांगितले जाऊ शकते. खरी मेख व्हिसात आहे. एच-4 वर शिक्षण घेता येते, पण नोकरी करता येत नाही. 2015 च्या नियमानुसार ज्यांच्या जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली आहे, अशा काहींना कामाची परवानगी मिळते. इंटर्नशिप बिनपगारी असली तरी तुमच्या व्हिसावर ती चालेल का, हे प्रवेश घेण्यापूर्वीच विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडून लेखी घ्या आणि वकिलालाही विचारा. व्हॉट्सअॅप गटातल्या कुणाच्या तरी चुलत भावाच्या अनुभवावर विसंबू नका.

हे सदर इतर देशांतूनही वाचले जाते, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये ‘काउन्सेलर’ ही उपाधी कायद्याने राखीव नाही, तरीही नोकरी देणारे बीएसीपीसारख्या (समुपदेशकांची ब्रिटिश व्यावसायिक संघटना) संस्थेचे सदस्यत्व पाहतात. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात मानसोपचाराचे काम करण्यासाठी तेथील मानसोपचारकांच्या ‘कॉलेज’कडे (हे शिक्षणाचे महाविद्यालय नव्हे, तर नियामक संस्था) किंवा तशाच अधिकृत संस्थेकडे नोंदणी लागते. म्हणून आधी कुठे काम करायचे ते ठरवावे आणि मग अभ्यासक्रम निवडावा. शिवाय अमेरिकेत सत्राच्या वेळी समोरची व्यक्ती ज्या राज्यात बसलेली असते, तेथील नियम लागू होतात. त्यामुळे न्यू जर्सीचा परवाना हाती आला म्हणजे टेक्सासमधल्या वहिनींना ऑनलाइन सत्र देता येईल असे समजू नये.

आता तुमच्या पत्रात न विचारलेला, परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग. मैत्रिणींनी तुमच्यावर टाकलेला विश्वास ही मोठी गोष्ट आहे, तथापि पुढे तुम्ही ज्यांचे काम करू शकणार नाही, त्या याच मैत्रिणी असतील. ज्यांच्या घरी आपण हळदीकुंकवाला जातो, ज्यांच्या मुलांच्या वाढदिवसाला केक कापतो, त्यांच्यापैकी कुणाची समुपदेशक होणे व्यावसायिक नीतीत बसत नाही. एकीच्या संसारातले आपल्याला कळलेले असते आणि गणपतीच्या आरतीला तिचा नवरा आपल्याशेजारी उभा असतो. मराठी मंडळ लहान, त्यात जो तो एकमेकांना ओळखतो. परवाना मिळाल्यावर तुम्हाला मंडळाबाहेरच्या मराठी माणसांसाठी काम करावे लागेल आणि मंडळात काहीसे अलिप्त राहावे लागेल. हे मान्य आहे का, ते आधी स्वतःला विचारा. फोनवर आपण मैत्रिणीला सल्ला देतो, स्वतःचे अनुभव सांगतो, तिची बाजू घेतो. सत्रात यातले बहुतेक टाळायचे असते, आणि पर्यवेक्षणात शिकायचे असते ते मुख्यतः हेच.

सासऱ्यांना पर्यवेक्षण समजावून सांगायचे असेल, तर तालमीतल्या वस्तादाचे उदाहरण द्या : मल्ल कितीही ताकदीचा असो, डाव कुठे चुकला ते बाहेरून पाहणाराच सांगतो. कोल्हापुरात हे पटायला वेळ लागणार नाही.

सासूबाईंची शंका मला पूर्णपणे निराधार वाटत नाही. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याची झोप उडते, चिडचिड वाढते, आणि म्हणूनच अनेक समुपदेशक स्वतःही समुपदेशकाकडे जातात. परंतु या कामाची गरज त्यांच्या स्वतःच्या गल्लीतही आहे, हे त्यांना दाखवता येईल. मुले परदेशी असलेले आईवडील माझ्याकडे येतात ते मनाचे काही सांगायला नव्हे. पित्त उसळते, छातीत धडधडते, रात्री दोनला जाग येते, एवढेच सांगतात. रविवारी सकाळी चष्मा पुसून व्हिडिओ कॉलला बसणारे वडील ‘सगळं झक्कास’ म्हणतात आणि सोमवारी माझ्यासमोर, मोबाइल टेबलावर उताणा ठेवून, त्याच्या पडद्याकडे पाहत बोलतात. अशा वेळी शारीरिक तपासणी आधी करून घ्यायला सांगावे लागते, औषधांची गरज दिसली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे लागते, आणि उरलेला वेळ ऐकावे लागते. तुमच्या सासूबाईंच्या ओळखीत असे एखादे घर नक्कीच असेल.

प्रवेश मिळेपर्यंतच्या काळात तुमच्याकडे येणाऱ्या फोनची वेळ ठरवून घ्या. अपरात्री उचललेला प्रत्येक फोन पुढच्या फोनला आमंत्रण देतो. कुणी जीव नकोसा झाल्याचे बोलली, तर ती गोष्ट एकटीने पोटात ठेवू नका. अमेरिकेत 988 या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. तातडीचा धोका असेल तर 911. इकडे कोल्हापुरातल्या नातेवाइकांसाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे. ती ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. बाळंतपणानंतर त्रास झालेल्या त्या मैत्रिणीने अजून डॉक्टरांना दाखवले नसेल, तर तिला या आठवड्यात घेऊन जा.