पाइपवर शिक्का नाही, जाहिरातीत मात्र साल आहे

प्रश्न : मामांच्या पश्चात त्यांचा तंबाखूचा जुना पाइप माझ्याकडे आला. त्यावर बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मामा सांगायचे तेच मी ऑनलाइन जाहिरातीत लिहिलं : ‘१९०० पूर्वीचा, मीरशॉमचा, अंबरची नळी, किंमत किमान दीड लाख.’ (मीरशॉम म्हणजे पाइप कोरायचं पांढरं, हलकं खनिज; अंबर म्हणजे झाडाच्या राळेचा जीवाश्म.) पाइप ४०,००० रुपयांना गेला. आता खरेदीदाराच्या वकिलाची नोटीस आली आहे. नळी बेकेलाइटची, म्हणजे कृत्रिम प्लास्टिकची, निघाली म्हणून ४०,००० परत आणि वर १,१०,००० भरपाई १५ दिवसांत द्या, नाहीतर फसवणुकीची फिर्याद करू, असं तीत म्हटलंय. मी जाणूनबुजून खोटं लिहिलेलं नाही. काय करावं?

उत्तर : हेतू स्वच्छ होता, हा बचाव फौजदारी बाजूला मोलाचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला मुळापासून अप्रामाणिक हेतू लागतो. दिवाणी बाजूला मात्र त्यावर विसंबू नका. करार कायदा, १८७२ च्या कलम १८ नुसार पुरेशी माहिती हाती नसताना ठामपणे केलेलं चुकीचं विधान, सांगणाऱ्याला ते खरं वाटत असलं तरी, दोषी ठरतं आणि कलम १९ प्रमाणे समोरच्याला करार रद्द करता येतो. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असावाच लागतो. ‘बघून घ्यायचं होतं’ हे फोटोवरून घेणाऱ्याला ऐकवता येत नाही.

आता जाहिरातीतली चार विधानं सुटी करा. वय, वाटी (तंबाखू भरायचा भाग) कशाची आणि नळी कशाची, या तीन वस्तुस्थितीच्या गोष्टी आहेत. ‘किमान दीड लाख’ हे मत आहे. करार कायद्याच्या कलम २० चं स्पष्टीकरणही मोलाबद्दलच्या चुकीच्या मताला वस्तुस्थितीची चूक मानत नाही. नोटिशीतले १,१०,००० म्हणजे दीड लाख वजा ४०,०००. आकडा तुमच्याच जाहिरातीतून उचललेला आहे. वर्णनाप्रमाणे असलेल्या बिनशिक्क्याच्या पाइपला बाजारात दीड लाख मिळाले असते, हे खरेदीदाराला सिद्ध करावं लागेल. ते अवघड आहे, कारण अशा वस्तूच्या किमतीतला मोठा वाटा बनवणाऱ्याच्या नावाचा असतो. भरपाईची मागणी इथेच लंगडी पडते.

४०,००० चा प्रश्न नळीवर ठरेल. नळी कोणी, कशी तपासली ते लेखी मागा. तापलेल्या सुईची चाचणी होऊ देऊ नका. तिने वस्तू आणि पुरावा दोन्ही बिघडतात. संपृक्त मिठाच्या पाण्यात अंबर तरंगतं आणि बेकेलाइट बुडतं, हे खरं; पण नळीवर धातूचं कडं असेल तर अंबरही बुडू शकतं. तुकडे दाबून केलेलं अंबर तर तरंगतंच. त्यामुळे रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीचा (अवरक्त किरणांनी पदार्थ ओळखण्याच्या चाचणीचा) अहवालच ग्राह्य धरा, ही चाचणी नळी न खरवडताही करता येते.

अहवालात बेकेलाइट आलं, तर ती नळी १९०० पूर्वीची असूच शकत नाही, कारण बेकेलाइटचा शोध १९०७ चा. मात्र त्यावरून वाटीचं वय ठरत नाही. पाइपची नळीच आधी तुटते आणि बदलली जाते. दांडा आणि नळी जुळतात तिथे जाडीत पायरी दिसते का, ते तुमच्या जुन्या फोटोंत मोठं करून पाहा. सांध्यावर चांदीचं कडं असेल तर त्याचाही फोटो शोधा. बनवणाऱ्याचं नाव नसलं तरी इंग्लिश कड्यावर चांदी तपासल्याचे ठसे, म्हणजे सिंह, जहाजाचा नांगर (बर्मिंगहॅम) किंवा बिबट्याचं तोंड (लंडन) आणि वर्षाचं अक्षर असू शकतं. त्यावरून कड्याचं साल कळतं, तेही फक्त कड्याचं. तडा झाकायला कडं मागाहूनही बसवतात. खरेदीदाराने ते पॉलिश करू नये, असं उत्तरात स्पष्ट लिहा. घासलेला ठसा परत येत नाही.

एक गोष्ट पुढच्या विक्रीआधी तपासा. नळी बसवायची फिरकी (आट्यांची खुंटी) बहुधा हाडाची असते, भिंगाखाली तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. ती हस्तिदंताची निघाली तर वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली पाइप विकताच येणार नाही. आणि १०० वर्षांवरची कलावस्तू ठरू शकेल असा पाइप भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय परदेशी पाठवू नका.

जाहिरात काढून टाकू नका. तिचं पान, चॅट, फोटो आणि कुरियरची पावती जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय यांतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या प्रती कोर्टात टिकणं अवघड आहे. खरेदीदाराने पहिली तक्रार कधी केली तेही पाहा. वाजवी वेळेत कळवलं नसेल तर माल स्वीकारला असं मालविक्री कायद्याचं कलम ४२ मानतं, मग त्या कायद्याखाली त्याला परतावा नव्हे, फक्त नुकसानभरपाई मागता येते. गप्प बसून मात्र सुटका नाही, दाव्याची मुदत ३ वर्षं आहे.

१५ दिवसांच्या आत, वकिलामार्फत, ‘हक्क अबाधित ठेवून’ असं लिहून उत्तर द्या. त्यात हेतुपुरस्सर फसवणूक आणि भरपाई दोन्ही नाकारा. अहवाल विरुद्ध गेला तर पाइप, नळी आणि कडं विक्रीवेळच्या स्थितीत परत मिळाल्यावर ४०,००० रुपये बँकेतून देऊ, आणि त्याच वेळी दोघांच्या सहीचा ‘आणखी काही देणं-घेणं नाही’ असा कागद करू, एवढाच प्रस्ताव ठेवा. पैसे आधी पाठवू नका.