आजोबा ऐनवेळच्या बदलीमुळे ‘खुकरी’बरोबर बुडण्यापासून वाचले, हे कसे पडताळावे?

तुमचे आजोबा 1971 च्या युद्धात आयएनएस खुकरीवरून आयत्या वेळी बदलून गेले होते का, हे त्यांच्या नौदलातील सेवामुक्ती पुस्तकावरून पडताळता येईल. त्यात नौकेचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख एकाखाली एक नोंदवलेली असते. सोलापुरात निवृत्त नौसैनिकांचे पेन्शनचे अर्ज भरून देताना ही पुस्तके मी नेहमी हाताळतो, आणि जुनी शाई फिकट झाली तरी तारखा बहुधा वाचता येतात. पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ खुकरी बुडवली व कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले, तेव्हा नौका सोडल्याची तारीख त्याआधीची, तीही अगदी जवळची, असायला हवी. पुस्तक हरवले असल्यास आजोबांचा नौसैनिक क्रमांक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. नौसैनिकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतात. मात्र आजोबा बदलीवर नव्हे तर रजेवर असतील, तर या पुस्तकात ते दिसेलच असे नाही. शिवाय किरपान आणि कुठार या नौका खुकरीच्याच ताफ्यातल्या, त्यामुळे घरी वर्षानुवर्षे सांगताना नावांची गल्लत झालेली असू शकते; आधी नौकेचे नाव पाहा, तारीख नंतर.