विंडो उघडी होती, लिंक सापडेना

“मॅडम, आपलं इंग्रजी कच्चं, म्हणून चान्स जातेत.”

छत्रपती संभाजीनगरातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने “आपलं” म्हटलं की पुढचं मला कळतं. वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत लागलेली ही मुलंमुली परभणी, जालना, हिंगोलीकडची. हाताला काम चोख, पण मीटिंगला गप्प. मग त्यांच्या आईवडलांचा फोन येतो, “इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावून द्यावा का?” या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून एक हकीकत लिहिते. त्या मुलाला विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, डिप्लोमा झालेला, क्वालिटी विभागात चार वर्षं. कंपनीत नवीन उत्पादन-लाइन सुरू होणार होती, तिथं जायची याला संधी होती. पुण्याहून आलेले साहेब त्याला म्हणाले, “द विंडो इज ओपन टिल फ्रायडे. द बॉल इज इन युवर कोर्ट.” याने मान हलवली.

“मग काय केलंत?”

“लिंक शोधायलो होतो, मॅडम. मला वाटलं पोर्टलवर विंडो उघडली असंल, फॉर्म भरायचा असंल. तीन दिवस मेल चाळले. कोणाला विचारावं वाटंना.”

शुक्रवार गेला. सोमवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “यू मिस्ड द बस.” आणि हा प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, मी टू-व्हीलरनं येतो.”

हशा झाला. त्या दिवसापासून मीटिंगमध्ये याचा आवाज बंद. माझ्याकडे आला तेव्हा झोप उडालेली, नोकरी सोडून गावाकडं जायचं मनात पक्कं.

पहिल्या दोन-तीन भेटी आम्ही एका अक्षराभोवतीच घालवल्या. तो म्हणायचा, “मला हे यायलाच पायजे होतं.” मी विचारायची, “तो ‘च’ कुठून आला?” अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीत मी तयार झाले, त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो. एखादी गोष्ट यावी असं वाटणं वेगळं, आणि ती आलीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, हे वेगळं. झोप दुसऱ्याने उडते, पहिल्याने नाही. हे त्याला पटत होतं, पण डोक्यात. पोटात उतरत नव्हतं.

चौथ्या भेटीच्या दिवशी बाहेर पाऊस होता. मी सहज विचारलं, “गावाकडं पेरणी झाली का?”

“कशाची होती! परवा लई पडला. आता वापसा यायला पायजे ना.”

मी शहरातली. वापसा म्हणजे पावसानंतर रानाला पेरणीजोगी ओल येणं, एवढं ऐकलेलं होतं, पण त्यालाच विचारलं, वापसा आला हे ओळखायचं कसं. आणि माझ्यासमोर एक वेगळाच माणूस बसलेला दिसला. खुर्चीत पुढं सरकला. मूठ वळली. “असं ढेकूळ दाबायचं. चिकटून गोळा झाला तर थांबायचं. तिफण घातली तर फणाला चिखल चिकटतो, बी नीट पडत नाही. मूठ उघडून टाकलं आन् फुटलं, की लागायचं कामाला. हलक्या रानात लवकर येतो, काळ्या रानाला वेळ लागतो. आन् लई थांबलं की ओल उडून जाती.” ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्लाही त्याला पाठ. “पर तेवढा पडला तरी मूठ करून बघावंच लागतं.”

“म्हणजे लवकर चालत नाही, उशीर चालत नाही. मधले थोडेच दिवस.”

“हां.”

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहायला मला फार वर्षं लागली. तो मुठीकडं बघत राहिला, मग सावकाश म्हणाला, “विंडो म्हणजे वापसाच की.”

आणि थोड्या वेळाने, “मॅडम, सर मला पेर म्हणायले होते.”

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला त्या दिवशी जे उमगलं ते आजही कामी येतं. संधीची वेळ ओळखण्याची अक्कल या मुलांत काठोकाठ असते. कमी असतो तो फक्त दुसऱ्यांच्या मुलखातला शब्द. आणि शब्द विचारून मिळतो.

बघा ना, ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’. १५४६ साली छापलेल्या इंग्रजी म्हणींच्या संग्रहात ही सापडते. तिथं पावसाचा नेम नाही, म्हणून ऊन आहे तोवर कापलेलं गवत वाळवून घ्या; त्या वाळल्या गवतालाच इंग्रजीत ‘हे’ म्हणतात. उन्हाने पोळणाऱ्या मराठवाड्याला हे परकं वाटेल, पण कापलेलं सोयाबीन रानात असताना ज्याने आभाळ भरून आलेलं पाहिलंय त्याला आणखी काय समजावायचं? ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’ लोहाराच्या भात्याजवळची. आपण म्हणतो, तवा तापलाय तोवर पोळी भाजून घे. मात्र ‘मेक हे’साठी ‘वाहत्या गंगेत हात धुवून घेणे’ वापरू नका. आपल्याकडं त्याला संधिसाधूपणाचा वास आहे, साहेबांना भलताच अर्थ लागायचा.

यादी पाठ करू नका, असं मी सगळ्यांनाच सांगते. अशा बोलण्यात शोधायचं एवढंच: काय करायचंय, कधीपर्यंत, आणि पहिलं पाऊल कोणाचं. बॉल तुमच्या कोर्टात म्हणजे साहेब तुमच्या बोलण्याची वाट बघताहेत. तुम्ही गप्प राहिलात तर ते नकार समजतात. ‘फूट इन द डोअर’ म्हणजे दारात पाय टेकला, घर अजून मिळालेलं नाही. ‘बस’ किंवा ‘बोट’ चुकली म्हणाले, तर पुढची केव्हा हे तिथल्या तिथं विचारा. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत, हिंदीत विचारा. क्लास लावायचा तर जरूर लावा, माझी ना नाही, पण प्रश्न विचारायची लाज क्लासने जात नाही. ती मी खोलीत तालमी घेऊन घालवते. मी साहेब व्हायचे, मुद्दाम अवघड बोलायचे. त्याने मध्येच थांबवून विचारायचं. पहिल्या खेपेला त्याला घाम फुटला. आठव्या खेपेला त्याने मलाच अडकवलं.

पाचेक महिन्यांनी त्याचा फोन आला. मीटिंगमध्ये साहेब पुन्हा म्हणाले, विंडो फार लहान आहे, लवकर ठरवा. याने हात वर केला. “सर, विंडो म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?”

“मग?”

“मॅडम, त्यांनाच म्हाईत नव्हतं! उद्या सांगतो म्हणाले.”