आधी दुसऱ्याचा कोड

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पदवीचा आराखडा दोनदा वाचला. आठ सेमिस्टर, त्यांतलं प्रत्यक्ष काम मात्र शेवटच्या दोनांत. माझं इथेच अडतं. तोवर ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, कुठे बांधून मिळतं आणि तयार प्रोजेक्ट कितीला पडतो, हे पोरांना पाठ झालेलं असतं.

हाताने शिकवायची कल्पना नवी नाही. 1906 साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी मुलांना आलटून पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. कॅनडातलं वॉटरलू विद्यापीठ 1957 मध्ये त्याच पायावर उभं राहिलं. तिथे सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची मुलं साधारण चार महिने शिकतात, चार महिने पगारी काम करतात. पण पदवीला जवळपास पावणेपाच वर्षं लागतात, हे आपले लोक भाषणात सांगत नाहीत. आपल्या चार वर्षांत ते तसंच कोंबू नकोस.

त्यापेक्षा तिसऱ्या सेमिस्टरला मुलांच्या हातात चालू सॉफ्टवेअर दे. ग्रंथालयाची देवघेव, होस्टेलच्या मेसचा हिशेब, काहीही. वरच्या बॅचने लिहिलेलं आणि रोज कुणीतरी वापरत असलेलं. पहिली सहामाही नवं काही लिहायचं नाही, फक्त बग शोधून दुरुस्त करायचे. नोकरीत मी पहिले कित्येक महिने दुसऱ्याने लिहिलेल्याची डागडुजीच केली, आणि कॉलेजात मात्र दुसऱ्याचा कोड उघडणं म्हणजे कॉपी! (खरी नावं, मोबाईल नंबर मुलांना देऊ नकोस, खोटा डेटा भरून दे.)

टर्मवर्कचे मार्क जर्नलवर नकोत. गिटचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहास बघ: कुणी कधी काय बदललं, का बदललं, बदल नीट चालतो का हे तपासणारी टेस्ट लिहिली का. एक्स्टर्नलच्या दहा मिनिटांच्या व्हायवात यातलं काही कळत नाही.

साठ जणांचा कोड तपासणार कोण, असं अभ्यास मंडळात विचारतील. प्रश्न रास्त आहे, एकट्या मास्तराच्या आवाक्यातलं ते काम नव्हे. चौथ्या वर्षाच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाचा कोड तपासावा आणि त्याला क्रेडिट असावं. फुकट सांगितलंस तर दिवाळीपर्यंत सगळं थंड पडेल.

आणि पुढच्या बैठकीला कंपनीतल्या साहेबांबरोबर मेसच्या मॅनेजरलाही बोलाव. हिशेब कुठे चुकतो, ते तोच सांगेल.